माझ्या फोटोची बायको

आमच्या वडनेरातून आजवर टीव्हीवर दिसलेला माणूस एकच. मी! तोही एका दुपारी बावीस वेळा! हा आकडा चंद्रभाननं मोजलेला आहे, आणि चंद्रभान पिठाची चक्की चालवत असल्यामुळे त्याच्या मापात माल थोडा कमीच भरतो. म्हणजे पंचवीसही असेल.

अख्ख्या देशानं मला पाहिलं. मी मात्र एकदाही हललो नाही, बोललो नाही, पापणीसुद्धा लववली नाही. असा अभिनय सोपा नसतो. पण त्यापायी माझं लग्न मोडायची वेळ आली, ते सांगतो.

मी ताराचंद. बी.ए. झालेला आहे, दुसऱ्या खेपेला. घरची भाजीची वाडी आहे. बाबा, म्हणजे नानाजी, वांगी पिकवतात आणि मी ती हिंगणघाटच्या बाजारात नेऊन विकतो. सत्त्याऐंशी साल लागायच्या आधी, दिवाळी सरताच, आर्वीच्या गोपिकाशी माझं साक्षगंध झालं. तिचे वडील वासुदेवराव आर्वीत वजनदार माणूस. ते मला नाव ठेवत नसत. फक्त कोणी विचारलं, "जवाई काय करते?" की त्यांना खोकला यायचा.

तो खोकला लग्नाआधी बरा करायचा, असं मी ठरवलं. माणसानं प्रसिद्ध व्हावं. मग तो वांगी विकतो हे त्याच्या साधेपणात मोडतं!

संधी चालून आली. पौषात मुंबईहून तीन मेटॅडोर भरून माणसं आमच्या गावात उतरली. टीव्हीसाठी हिंदी फिल्म काढायची होती, खऱ्या घडलेल्या खुनावर. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्याच भागातल्या एका गावी बायकोनं नवऱ्याला कढीतून फवारणीचं औषध घातलं होतं. गावाचं नाव सांगत नाही, तिथं माझी मावशी दिलेली आहे.

मी लगेच जाऊन उभा राहिलो. आधी मला हवालदार करून पाहिलं. "चलो" एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो. डायरेक्टर मॅनेजरला म्हणाला, "इसको हटाओ." मग गर्दीत उभं केलं. तिथं मी कॅमेऱ्याकडे पाहून हसलो. मागं मयत होतं म्हणे. मला काय माहीत? मी पुढं पाहत होतो!

तोंड पाडून निघालो तर मॅनेजर मागून धावत आला.

"सुनो भाई, तुम्हारा कोई अच्छा फोटो है क्या? फ्रेम कराके दीवार पे लगाएंगे. पूरी फिल्म में दिखेगा."

पूरी फिल्म में! मी त्याला एकच प्रश्न विचारला, "कलर में दिखेगा क्या?" विचारायचा प्रश्न दुसराच होता, हे मला दोन महिन्यांनी कळलं.

फोटो होता. लग्न जुळवण्यासाठी हिंगणघाटच्या स्टुडिओत काढलेला. अंगात स्टुडिओचा कोट, हात टेलिफोनवर, टेलिफोनची तार कुठंच नाही, आणि मागं रंगवलेल्या तळ्यात दोन हंस. त्याच्या तीन प्रती होत्या. एक आर्वीला गेली, दुसरी घरी, तिसरी मी मॅनेजरला देऊन टाकली. ज्या दिवशी ती भिंत फिल्ममध्ये घेतली, त्या दिवशी मी बाजारात वांगी तोलत होतो.

फाल्गुनात मॅनेजरचं कार्ड आलं. फिल्म येत्या रविवारी, दुपारी दीड वाजता. त्याच दिवशी, शुक्रवारी, मी सगळ्या नातेवाइकांना पोस्टकार्डं टाकली, "टीव्ही पाहा, मी आहे." ती पोचली मंगळवारी. आर्वीला मात्र पोस्टावर न विसंबता एस.टी.च्या कंडक्टरजवळ निरोप दिला, "वासुदेवरावले सांगजो, रविवारी दीडले टीव्ही लावा. जवाईच मेन हाये!"

तो निरोप पोचला. त्या कंडक्टरनं आयुष्यात एकच निरोप वेळेवर पोचवला आणि तो हा!

* * *

गावात टीव्ही एकच, चंद्रभानच्या चक्कीत. रविवारी पन्नासेक माणसं पिठाच्या धुरळ्यात बसली. सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. आई, म्हणजे देवकाबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून पुढं. हातात ताट, ताटात निरांजन. मी दिसलो की टीव्हीला ओवाळायचं, असं तिचं ठरलं होतं.

फिल्म सुरू झाली. पहिल्यांदा अक्षरं आली, 'यह फिल्म सत्य घटना पर आधारित है.' मग एक अंगण. अंगणात पांढऱ्या कापडाखाली कोणी झोपलेलं. बाया रडताहेत. मग कॅमेरा हळूहळू भिंतीवर चढला आणि तिथं मी! कोट, टेलिफोन, दोन्ही हंस. आणि गळ्यात झेंडूचा हार. पोळ्याला बैलालासुद्धा एवढा जाड हार घालत नाहीत. खाली समई.

चक्कीतली मागची माणसं उठून उभी राहिली.

"अवो माय!" आईनं ताट टाकलं. "माहा पोट्टा मेला वं!"

"आई, मी इथं आहे. तुझ्या बाजूला."

"तू गप राह्य! मले पाहू दे!"

बाबांनी माझ्याकडे मान वळवली. "हे मेन काम व्हय?"

"बाबा, सगळी फिल्म माझ्यामुळंच तं घडून राह्यली."

"मेल्यावर काय मेन काम करतं बे माणूस?"

"चार..." चंद्रभान मोजत होता. "पाच... हे पाहा, सहा!"

फिल्म माझ्या मरणानंतर सुरू होत असल्यामुळे मला मरायचंही काम नव्हतं. प्रत्येकजण त्या खोलीत यायचा आणि माझ्यापुढं उभा राहून बोलायचा. भाऊ आला, सरपंच आला, इन्स्पेक्टर तर चार वेळा आला. मला अभिमान वाटायला लागला होता, इतक्यात बायकोनं कबुली दिली. बारीकशी, मोठ्या डोळ्यांची नटी होती. इन्स्पेक्टरनं विचारलं, "क्यों मारा?" तिनं माझ्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाली, "बहुत बोलता था."

फिल्मभर एक अक्षर न बोललेला मी, फार बोलतो म्हणून मारला गेलो होतो!

चक्कीत दोघं-तिघं म्हणाले, "हाव, हे खरं हाये." आणि तेवढ्यात चंद्रभानच्या डोक्यात काहीतरी दळायला लागलं.

"ताऱ्या, फोटो कोणाचा?"

"माझा."

"मंग फोटोची बायको कोणाची?"

"चंद्रभान, ती नटी आहे रे."

"थे जाऊ दे. तुही बायको म्हणजे कोण? आर्वीवाली गोपिका! म्हणजे तुले कढीत औषध कोणं देल्लं?"

शंभर पांढऱ्या भुवया माझ्याकडे वळल्या. मी बी.ए. आहे. तर्कशास्त्राला मला बावन्न मार्क होते. पण मला त्या हिशेबात कुठं चूक आहे ते दाखवता येईना. शिवाय ह्याच क्षणी आर्वीत वासुदेवराव टीव्हीसमोर बसलेले असणार. आणि तोच फोटो, तेच दोन हंस, त्यांच्याही भिंतीवर होते!

* * *

सोमवारी सकाळी वांग्यांची टोपली घेऊन स्टँडवर उभा होतो. आर्वीकडून काही निरोप येतो का, ते पाहत. आली समुद्रपूरची गाडी. तिच्यातून माझी आत्या मनकर्णाबाई उतरली. तिच्यामागं अकरा माणसं. बाया पायरीवरूनच हंबरडा फोडत उतरत होत्या.

मी धावलो. आत्यानं डोळ्याला पदर लावलेला, न पाहताच बोचकं माझ्या हातात दिलं.

"आत्या, काय झालं? कोण गेलं?"

"अरे, आपला ताराचंद गेला रे बाप्पा!"

खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही वाईट वाटलं.

"कधी?"

"काल दुपारी टीव्हीवर दाखवलं नं! आमच्या टीव्हीत आवाज नाई येत, पण चित्र साफ होतं. हार, समई, पोलीस... सोन्यासारखा पोट्टा होता रे!" असं म्हणून ती माझ्याच गळ्यात पडली. माझ्याच खांद्यावर ती माझ्यासाठी रडली. मग तिनं डोळे पुसले, वर पाहिलं, आणि किंचाळली.

पण बाकीचे अकराजण पुढं गेले होते. मी जिवंत आहे हे आत्यानं त्यांना सांगेपर्यंत ते आमच्या दारात पोचले. बाई गळ्यात पडून रडली की आपणही रडायचं आणि कोण गेलं ते नंतर विचारायचं, अशी आमच्याकडची रीत. आई रीतीला धरून रडायला लागली. तिचं ऐकून शेजारच्या दोघी आल्या आणि रडल्या. बाबा वाडीतून आले.

"काऊन रडून राह्यले सारे?"

आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं, आणि पाहुण्यांना रडण्यातून सांगायला सवड नव्हती. शेवटी मी बोचकं घेऊन आत शिरलो तेव्हा रडणं थांबलं. आत्या माझ्यामागून आली आणि आईकडे वळली.

"देवका, खरं सांग. पोट्ट्याच्या डोक्यावर कावळा बसलता नं?"

हे सांगितलं पाहिजे. आमच्याकडे माणसाच्या डोक्यावर कावळा बसणं म्हणजे मरणाचं लक्षण. त्याला उतारा एकच. तो माणूस मेला अशी खोटी खबर नातेवाइकांना धाडायची. ते रडले की मरण टळतं. मग त्यांना खरं सांगायचं आणि गोड जेवण घालायचं.

"नाई वो बाई!" आई म्हणाली. "कावळा नाई का काही नाई!"

"मंग टीव्हीवर काऊन देल्ली खबर? कोपरा फाडून पोस्टकार्ड नाई टाकता येत?"

"आत्या," मी म्हणालो, "ती फिल्म होती. खोटी असते."

"मले नको शिकवू. सुरुवातीलेच लिहून आलतं, सत्य घटना. आमच्या पोट्ट्यानं वाचून दाखवलं." आत्यानं चटई ओढली आणि बसली. "कावळा तं कावळा. लाजाले काय झालं? आम्ही रडलो, तुहं मरण टळलं. आता शिरा टाक!"

बाराजणांचा शिरा झाला. संध्याकाळपर्यंत कावळा गावभर खरा झाला. रात्रीच्या आत त्याचे तीन कावळे झाले आणि त्यातला एक म्हणे माझ्याशी बोलला. अकराजण मंगळवारी परत गेले. आत्या राहिली. ती सुतकाला म्हणून तेरा दिवसांची सवड काढून आली होती. ज्याचं सुतक तो जिवंत निघाला, एवढ्यावरून लवकर जायचं तिला काही कारण दिसेना.

* * *

मंगळवारीच दुपारी वासुदेवराव आले. एकटे. हातात थैली. पाणी दिलं, घेतलं नाही. थैलीतून त्यांनी पेपरात गुंडाळलेली वस्तू काढली आणि खाटेवर पालथी ठेवली. माझा फोटो!

"इवाई," ते बाबांना म्हणाले, "आमच्या गल्लीत पस्तीस घरं. रविवारी मी साऱ्याइले बोलावलं. चिवडा केला. म्हटलं, जवाई पाहा. पाह्यला साऱ्याइनं!"

"थे नुसतं खेळ व्हय, इवाई," बाबा म्हणाले.

"खेळ असन. सोमवारी गोपिकानं शेजारच्या लीलाबाईकडे कढी पाठवली. पंधरा वर्षांचा घरोबा. भांडं वापस आलं. कढी जशीच्या तशी, वरची कोथिंबीर भी हलली नाई! आज सकाळी दुधवाला चहा घेतल्याबगर गेला. मले अजून दोन पोरी हायेत. उद्या त्याइले पाहाले कोण येईन? खून करणारीच्या बहिणी म्हणून?"

मी म्हणालो, "मामाजी, त्या नटीचं नाव तरी गोपिका होतं का?"

"फोटो तं तुहाच होता नं?"

तेच तर्कशास्त्र! आर्वीपासून वडनेरापर्यंत सगळ्यांना येत होतं, मलाच बावन्न मार्क होते.

"आणि मामाजी, गोपिका... काय म्हणते?"

"काय म्हणन? बोलत नाई. भांडे घासत राह्यते."

गोपिकाला मी एकदाच पाहिलं होतं, साक्षगंधाला, चहाचा कप माझ्या हातात येईपर्यंत. कप देताना तिनं एकदा वर पाहिलं होतं. त्या एका पाहण्यावर मी चार महिने काढले होते. आणि मी तिला काय दिलं? देशभर बदनामी, तीही बावीस वेळा!

"गुढीपाडव्यापर्यंत थांबतो," वासुदेवराव उठले. "पोरीवरचा डाग पुसून दाखवा. नाई तं लग्न मोडलं समजा." दारात थांबून त्यांनी आढ्याकडे पाहिलं. "अन् गाडीत आयकलं, कावळा भी बसलता म्हणे?"

पाडव्याला सोळा दिवस होते.

मी टीव्हीवाल्यांना सविस्तर पत्र लिहिलं. 'सदर फिल्ममधील फोटोतला इसम जिवंत असून त्याची होणारी पत्नी पूर्णपणे निर्दोष आहे, असे रविवारी दुपारी दीड वाजता जाहीर करावे.' दिवसातून दोनदा पोस्टात जाऊ लागलो. पोस्टमन मला पाहून दार लावून घ्यायचा. झोप उडाली. बाजारात एका गिऱ्हाइकाला मी अर्धा किलो वांग्यांऐवजी वजनच दिलं. एका दुपारी आईनं चुकून कढी केली. आम्ही चौघं पानावर बसलो, भात कालवायला घेतला, आणि कोणीच खाईना. आमच्याच घरात! बाबा म्हणाले, "मले भूक नाई." आत्या म्हणाली, "मले कढीनं वात होते." शेवटी ती कढी मी बाहेर ओतली. कुत्र्यानं हुंगली आणि तेही गेलं.

बाराव्या दिवशी उत्तर आलं. छापील कार्ड. 'आपणांस कार्यक्रम आवडल्याबद्दल आभारी आहोत.'

मी कार्ड हातात घेऊन ओट्यावर बसलो. चार दिवस उरले होते. आत्या तोंडात तंबाखूची चिमूट धरून माझ्याकडे पाहत होती.

"ताराचंद, फिल्मीतली बायको तुही पहिली होती का दुसरी?"

"आत्या, ती एकच होती."

"म्हणजे पहिली. मंग सोपं हाये. पहिली बायको दुसरीच कोणी करून टाक!"

"कोण?"

"रुई!"

तिसरं लग्न अपशकुनी म्हणून तिसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्याचं आधी रुईच्या झाडाशी लग्न लावतात. अपशकुन झाडावर जातो आणि खरी बायको चौथी ठरते. हे मी ऐकून होतो. पहिल्याच लग्नाआधी कोणी लावलेलं ऐकलं नव्हतं.

"कायदा तोच," आत्या म्हणाली. "अन् रुई विषारी. चीक डोळ्यात गेला तं माणूस आंधळा होते. नवऱ्याले औषध घालणारी बायको याच्याहून चांगली कोठं भेटन? खून केला तिनं. गोपिका आली मंगची! तिचा काय संबंध?"

मी बी.ए. आहे. तरी मला रडू आलं, आनंदानं.

* * *

वासुदेवरावांना कंडक्टरमार्फत निरोप गेला. त्यांचा उलट निरोप आला, 'मंजूर. पण साक्षीदार आमचे राहतील.' पाडव्याच्या आदल्या दिवशी ते गल्लीतली सातजणं घेऊन उतरले. सगळ्यांच्या पुढं लीलाबाई. हीच ती कढी परत करणारी!

गावातली सगळ्यात डौलदार रुई चंद्रभानच्या चक्कीमागं होती. म्हणजे कन्यादान चंद्रभानचं. मी त्याला सहज म्हणालो, "पाच मिनिटांचं काम आहे." पण त्यानं ते मनावर घेतलं. इस्त्रीचं धोतर नेसून आला. भटजींनी अंतरपाट धरला, इकडे मी, तिकडे रुई. अक्षता वाटल्या. आणि चंद्रभान म्हणाला, "थांबा!"

"काय झालं?"

"पोरीच्या बापाले दुपट्टा नाई? फेटा नाई? इवाई म्हणून कोणं हात तरी जोडले?"

"चंद्रभान, झाड आहे ते!"

"तुह्यासाठी झाड असन. माह्या दारात लहानाची मोठी झाली थे. फुकटात नाई देत!" आणि तो सरळ चक्कीत जाऊन बसला. रुसला!

उद्या पाडवा. आर्वीची सात माणसं उन्हात उभी. वासुदेवराव घड्याळ पाहताहेत. ज्या लग्नावर माझं खरं लग्न अवलंबून, त्यात मुलीकडचे रुसलेले! बाबांनी शेवटी डोक्यावरचा स्वतःचा फेटा काढून चंद्रभानला बांधला, आईनं नारळ दिला, मी पाया पडलो. तेव्हा तो उठला.

मंगलाष्टकं झाली. मी रुईला हार घातला. चंद्रभाननं माझा हात धरला. त्याच्या डोळ्यात खरंच पाणी होतं.

"ताऱ्या, नीट वागवजो तिले."

"तिनं मला मारायचं आहे, चंद्रभान."

"तरी भी."

आता मुख्य काम राहिलं होतं. आत्या लीलाबाईला पुढं घेऊन आली. "पाहून घ्या बाई. हे पहिली बायको. हेच होती का टीव्हीत?"

वासुदेवरावांनी छत्री घट्ट धरली. लीलाबाई रुईभोवती एक फेरी फिरली. मग दुसरी. तिनं एक पान तोडलं, बोटानं पांढरा चीक तपासला, हुंगला. मान तिरपी करून लांबून पाहिलं. ही बाई 'नाही' म्हणाली तर माझं लग्न, गोपिकाच्या दोघी बहिणींची लग्नं, सगळं संपलं!

"हाव," लीलाबाई म्हणाली. "हेच! अशीच बारीक होती. मी तं रविवारीच म्हटलं होतं, गोपिका अंगानं भरलेली हाये!"

सात साक्षीदारांनी एकदम मान हलवली. वासुदेवरावांनी सतरा दिवसांनी श्वास सोडला. तरी माणूस पक्का.

"पण खून करून हे अशी मोकळी राहीन?" त्यांनी विचारलं. "फिल्मीत तं जन्मठेप झाली."

त्यावर बाबांनी बाभळीच्या काट्या आणल्या आणि रुईभोवती गच्च कुंपण घातलं. आत्या म्हणाली, "झाली जन्मठेप!" चंद्रभाननं विचारलं, महिन्यातून एकदा भेटायची परवानगी आहे का? वासुदेवराव विचार करून हो म्हणाले.

पाडव्याच्या दिवशी कंडक्टरनं निरोप आणला. लीलाबाईनं गोपिकाकडून कढी मागवली. भांडं रिकामं परत आलं, आणि रिकामं कसं द्यायचं म्हणून त्यात चार लिंबं घातली होती.

* * *

वैशाखात आर्वीला आमचं लग्न झालं. कोणी जावयाबद्दल विचारलं की वासुदेवराव न खोकता सांगत होते, "टीव्हीत असते." परतताना मेटॅडोरमध्ये मी आणि गोपिका मागच्या सीटवर. आर्वी मागं पडली तरी ती खिडकीबाहेरच पाहत होती. माझ्या मनात अजून धाकधूक. सगळ्यांची समजूत काढली होती, हिची कोणीच काढली नव्हती. शेवटी हिंमत केली.

"राग तं नाई ना?"

"कायचा?"

"त्या फिल्मचा. तू खून केला असं झालं ते."

"थ्याचा नाई आला," ती म्हणाली. आवाज छान होता. पहिल्यांदाच ऐकत होतो. "दुसऱ्याच गोष्टीचा आला."

"कोणत्या?"

"किती बावळट बाई होती थे! कढीचं भांडं तसंच मोरीत ठेवलं. इन्स्पेक्टर आला, भांडं उचललं, हुंगलं, धरली तिले. घासून टाकाले काय झालतं?" तिनं पदर सावरला आणि माझ्याकडे पाहिलं. साक्षगंधाला पाहिलं होतं तसंच. "लोक म्हणत, मी केलं. मी केलं असतं तं सापडली असती काय?"

मी हसलो. ती हसली नाही.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. संसार सुखाचा चालला आहे. गोपिका कढी फार सुरेख करते आणि मी पूर्वीपेक्षा कमी बोलतो. गावातल्या बाया आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण देतात, की पाहा, ताराचंद बी.ए. झालेला, पण जेवण झालं की बायकोला भांड्याला हात लावू देत नाही. सगळी भांडी स्वतः घासतो!

घासतो कसली? फक्त मोरीत नेऊन ठेवतो. सकाळी मी धड उठेपर्यंत ती घासायला कोणालाच देत नाही.